स्विच थेरपीच्या खोलीत चालतो, वर्गात चालत नाही. माउंट (स्विच किंवा टॅब धरून ठेवणारा स्टँड) नक्की कुठे आणि कसा लावायचा?

वर्गशिक्षिका_विशेष

नमस्कार मंडळी. मी विशेष शिक्षिका आहे. माझ्याकडे ९ वर्षांचा एक मुलगा आहे, सीपी (सेरेब्रल पाल्सी) आहे, ॲथेटॉइड प्रकारातला, म्हणजे हातपाय सारखे त्याच्या मनाविरुद्ध वळत राहतात, बोलता येत नाही पण समज अगदी चांगली आहे. टॅबवर स्कॅनिंग लावलंय, म्हणजे एकेक चौकोन आपोआप उजळत पुढे जातो आणि हवा तो आला की त्याने स्विच दाबायचा. स्विच साधा मोठ्या बटणाचा आहे, तळहाताएवढा, व्हीलचेअरच्या ट्रेवर उजव्या बाजूला वेल्क्रोने चिकटवलाय.

आता अडचण अशी की थेरपीच्या खोलीत तो १० पैकी ८ वेळा बरोबर दाबतो, मी स्वतः बसून मोजलंय, आणि वर्गात आला की ३ सुद्धा होत नाहीत. कधी हात पोचतच नाही, कधी पोचतो पण चौकोन निघून गेलेला असतो, कधी दोनदा दाबला जातो. वर्गात टॅब एका लवचिक मानेच्या स्टँडवर आहे, तो ट्रेच्या डाव्या कडेला लावलाय कारण समोर लावला तर त्याला फळा दिसत नाही. हात ट्रेवर आपटला की सगळंच डुगडुगतं. खुर्चीसुद्धा वेगळी आहे, थेरपीत लाकडी खुर्ची, वर्गात त्याची रोजची मागे कलणारी व्हीलचेअर.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे परवाच्या मीटिंगमध्ये असं बोललं गेलं की "त्याला हे साधन झेपत नाही बहुतेक, चित्रांचे कार्ड पुरेत". मी त्याच्या डोळ्यांकडे बघत असते, त्याची नजर बरोबर चौकोनावर आधीच जाऊन थांबलेली असते, हात फक्त वेळेत येत नाही. म्हणजे उत्तर त्याला येतंय! मला नवीन स्टँड घ्यायची परवानगी मिळेल पण एकदाच, म्हणून काय घ्यावं, कुठे लावावं ते नीट समजून घ्यायचंय. कुणी केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

ओटी_बालविभाग

ताई, मी ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. तुम्ही मोजून ठेवलंत हे फार बरं केलंत, ते ८ आणि ३ चे आकडे तारखेसकट लिहून ठेवा, पुढच्या मीटिंगला तेच उपयोगी पडतील.

स्टँडवर नंतर येऊ, आधी बैठक. लाकडी खुर्चीत त्याची कंबर मागे नीट टेकत असणार आणि पावलं फळीवर असणार. रोजच्या व्हीलचेअरमध्ये बघा, माझा अंदाज आहे की तासाभरात तो पुढे घसरतो, पाठीचा कणा गोल होतो, पावलं फुटरेस्टवरून सुटतात. असं झालं की त्याची सगळी ताकद पडू नये म्हणून खर्च होते, हातासाठी काही उरतच नाही. कमरेचा पट्टा पोटावर नको, मांडी आणि कंबर जिथे दुमडते त्या घडीवर हवा, आणि खाली-मागे ओढणारा हवा. पावलाखाली काहीतरी घट्ट हवं, मग ती फळी असो नाहीतर ठोकळा. नितंब, गुडघा, घोटा तिन्ही ९० अंशात असावेत असं शिकवतात, सुरुवात म्हणून ते ठीक आहे पण नियम म्हणून धरून बसू नका, काही मुलं थोडी पुढे झुकून जास्त चांगलं काम करतात.

ॲथेटॉइड मुलांसाठी एक गोष्ट मी जवळजवळ नेहमी करून बघते. जो हात काम करत नाही त्याला धरायला काहीतरी द्या. ट्रेवर डावीकडे एक उभा दांडा, मुठीत मावेल एवढा जाड. डावा हात धरून राहिला की खांदे स्थिर होतात आणि उजव्या हाताची भटकंती कमी होते. काही मुलं हे स्वतःच शोधून काढतात, खुर्चीच्या दांड्यात पाय अडकवून बसतात आणि आपण "पाय सरळ ठेव" म्हणून तो सोडवतो. तसं करत असेल तर करू द्या.

आता तुमच्या पोस्टमधलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य. "टॅब ट्रेच्या डाव्या कडेला लावलाय." थेरपीत टॅब कुठे असतो? मधोमध ना? सीपीच्या बऱ्याच मुलांमध्ये लहान बाळाचा एक रिफ्लेक्स, म्हणजे आपोआप होणारी हालचाल, मोठेपणीही टिकून राहतो, त्याला एटीएनआर म्हणतात. मान ज्या बाजूला वळते त्या बाजूचा हात सरळ ताणला जातो आणि दुसऱ्या बाजूचा हात कोपरात दुमडतो. तुमचा मुलगा टॅब बघायला मान डावीकडे वळवतो आणि त्याच क्षणी उजवा हात दुमडून स्विचवरून वर उचलला जातो. मग तो बिचारा हात खाली आणायला मान उजवीकडे आणतो, तेवढ्यात चौकोन पुढे जातो. तुम्ही म्हणताय ना हात वेळेत येत नाही, ते हेच असू शकतं. उद्याच फक्त टॅब मधोमध आणा, बाकी काहीही बदलू नका, आणि परत १० वेळा मोजा. फळ्याचा प्रश्न खुर्ची फिरवून किंवा टॅब थोडा खाली घेऊन सुटेल.

आणि काही विकत घ्यायच्या आधी स्विच स्वतःच्या हातात धरा. शब्दशः हातात धरा, त्याच्या तळहाताखाली, मग थोडा आत, मग थोडा तिरका, मग कोपराजवळ, मग गालाजवळ, गुडघ्याजवळ. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी बघा: सांगितल्यावर पोचतो का, दाबून सोडता येतो का, आणि दहाव्या वेळेलाही तसाच जमतो का. सोडणं हे दाबण्यापेक्षा अवघड असतं, ते आपण बघायचं विसरतो. जागा सापडली की मग तिथे तुमच्या हाताच्या जागी काय लावायचं एवढाच प्रश्न उरतो.

पाना_आणि_पट्टी

वरच्या ताईंनी बैठकीचं सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो, गेली बरीच वर्षं व्हीलचेअरवर माउंट बसवायचंच काम करतोय.

लवचिक मानेचा स्टँड स्विचसाठी घेऊ नका. तो हलकी वस्तू *दाखवायला* ठीक आहे पण ज्याच्यावर जोराने हात पडणार त्याच्यासाठी नाही. दाबला की मान वाकते, सोडला की उसळी मारून परत येते आणि त्या उसळीत स्विच पुन्हा त्याच्या हाताला लागतो. तुमचा स्विच ट्रेवर आहे, पण डुगडुगणारा ट्रेही तसाच उसळतो, तुमचे "दोनदा दाबला जातो" मधले काही तिथून येत असतील. टॅबलाही तोच त्रास, स्क्रीन डोलत असेल तर स्कॅनिंगचा चौकोन डोळ्यांनी धरायचा कसा त्याने?

दोन वेगळे माउंट करा, टॅबचा वेगळा आणि स्विचचा वेगळा. एकाच दांड्यावर दोन्ही असले की प्रत्येक दाबण्याला स्क्रीन थरथरते. स्विचसाठी कॅमेरावाले वापरतात तो सांध्यांचा हात बघा, खांदा-कोपर-मनगट असे तीन सांधे असतात आणि मधला एकच खटका फिरवला की तिन्ही एकदम घट्ट होतात. त्याला खाली दगडासारखा पकडणारा क्लॅम्प. टॅबसाठी जाड नळीचा उभा दांडा, वर आडवा हात आणि झटकन निघणारी प्लेट. टॅबच्या केसला किंवा पाठीला चार स्क्रूची भोकं असतील तर अंतर मोजा, ७५ बाय ७५ किंवा १०० बाय १०० मिमी असेल तर तयार प्लेट बसते.

माउंटचा हात जेवढा लांब तेवढा तो डोलणार हे लक्षात ठेवा. १ किलोचा टॅब सांध्यापासून ६० सेंमीवर धरला की सांध्यावर जेवढा पिळा पडतो तेवढाच ३० सेंमीवर २ किलो धरल्यावर पडतो, म्हणून क्लॅम्प शक्य तेवढा वापरायच्या जागेच्या जवळ लावा, लांबून वळसा घालून आणू नका.

क्लॅम्प कुठे लावायचा हा खरा प्रश्न. खुर्चीच्या उचलून मागे जाणाऱ्या हातावर नको, निघणाऱ्या फुटरेस्टवर नको, घडीच्या खुर्चीच्या खालच्या फुलीवर तर अजिबात नको. ट्रेवर स्विच लावू नका असं म्हणणार नाही, पण ट्रे स्वतः हलत असेल तर सगळं व्यर्थ आहे, आधी ट्रेच घट्ट करा. फ्रेमच्या नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने (जाडी मोजायच्या पट्टीने) मोजा, २२ किंवा २५ मिमी असतो बहुतेक वेळा, पण काही खुर्च्यांच्या नळ्या लंबगोल असतात, त्यांना वेगळा क्लॅम्प लागतो. अंदाजाने मागवलेला क्लॅम्प परत पाठवावा लागतो हे मी फार वेळा बघितलंय.

तुमची खुर्ची मागे कलणारी आहे म्हणालात, म्हणून हे नीट वाचा. बैठक आणि पाठ एकत्र कलत असेल तर खुर्चीला दोन भाग असतात, खालचा चाकांचा सांगाडा आणि वरचा कलणारा. खालच्या सांगाड्यावर माउंट लावला तर खुर्ची कलवल्यावर मुलगा मागे जातो, टॅब तिथेच राहतो आणि अंतर बदलतं, आणि कलवताना किंवा परत सरळ करताना गुडघे दांड्यावर आपटू शकतात. वरच्या भागावर लावला तर टॅब त्याच्याबरोबर कलतो, चेहऱ्यापासूनचं अंतर तेच राहतं. म्हणून शक्यतो वरच्या भागावर. पण लावल्यावर एकदा खुर्ची पूर्ण कलवून, पूर्ण सरळ करून, दोन्ही टोकांना दांडा कुठे घासतो का ते बघा, मूल खुर्चीत नसताना आणि मग असताना.

वायरकडे लक्ष द्या. स्विचची ३.५ मिमीची पिन असते ना, ती सॉकेटपाशी वाकून तुटते. सांध्यापाशी वायरला थोडी ढील ठेवा, बाकी दांड्याला पट्टीने बांधून टाका, चाकाकडे लोंबता कामा नये. आणि गाडीतून प्रवास करताना टॅब आणि माउंटचा हात खुर्चीवरून काढून वेगळे बांधून ठेवायचे, अचानक ब्रेक लागला तर तोंडासमोर १ किलोची वस्तू नको. यावर मी कधीच तडजोड करत नाही.

शेवटचं, आणि हे मला सगळ्यात जवळचं आहे. सगळं जागेवर बसलं की प्रत्येक सांध्यावर रंगीत मार्करने आरपार एक रेघ मारा, अर्धी या भागावर अर्धी त्या भागावर. कुणी हलवलं तर रेघा जुळवल्या की झालं. क्लॅम्पच्या कडेने नळीवर रंगीत टेप गुंडाळा. समोरून, बाजूने आणि मुलाच्या डोळ्यांच्या जागेवरून असे तीन फोटो काढून खुर्चीच्या मागे लावा. लागणारी ॲलन की (षटकोनी पाना) दोरीने खुर्चीलाच बांधा. ज्या दिवशी तुम्ही रजेवर असाल त्या दिवशी हेच कामाला येतं.

लेकीची_आई

माझी मुलगी १२ वर्षांची, रेट सिंड्रोम (मेंदूच्या वाढीवर परिणाम करणारा जनुकीय आजार) आहे, हात वापरता येत नाहीत म्हणून ती डोळ्यांनी टॅब चालवते. तुमचा विषय स्विचचा आहे पण जागेचं दुखणं तेच आहे म्हणून लिहिते.

आम्हाला पण "तिला समजत नाही" हे ऐकावं लागलं होतं. तेव्हा स्क्रीन टेबलावर सपाट ठेवलेली असायची. डोळ्यांच्या कॅमेऱ्याला साधारण ६० सेंमी अंतर लागतं आणि स्क्रीन चेहऱ्याला समांतर लागते, म्हणजे मूल मागे कललेलं असेल तर स्क्रीनही तेवढीच कलायला हवी. आम्ही स्क्रीन तिच्या चेहऱ्याप्रमाणे तिरकी केली त्या दिवशी पहिल्यांदा तिने सलग चार वाक्यं निवडली, मी तिथेच रडले. खिडकीचं ऊन सरळ तिच्या डोळ्यांवर किंवा कॅमेऱ्यावर आलं तरी पकड सुटते, त्यामुळे वर्गात बसायची जागासुद्धा आम्हाला बदलून घ्यावी लागली, आणि ते मागायला लाजू नका.

दुसरं म्हणजे स्क्रीन बरोबर चेहऱ्यासमोर आल्यावर मैत्रिणींना तिचा चेहराच दिसेनासा झाला. कुणी येऊन बोलायचं बंद झालं. मग आम्ही कॅमेऱ्याला चालेल तेवढीच स्क्रीन खाली घेतली आणि वरच्या बाजूला कललेली ठेवली. नुसतं "दिसतंय का तिला" एवढं बघू नका, समोरच्याला ती दिसते का तेही बघा.

आणि जेव्हा स्क्रीन बाजूला करायची वेळ येते, तेव्हा आम्ही तिच्या हाताशी कागदावरचा होय-नाही तक्ता ठेवतो. पाच मिनिटांसाठीसुद्धा तिला गप्प ठेवायचं नाही असं घरात ठरलंय.

चाकांवरून

मला सीपी आहे, २६ वर्षांचा आहे, शाळा कॉलेज सगळं हेड स्विचवर, म्हणजे डोक्याने दाबायच्या स्विचवर केलं. हे उत्तरही त्यानेच टाइप करतोय त्यामुळे वेळ लागला.

त्याला विचारलंत का? स्विच कुठे हवा ते. ९ वर्षांचा मुलगा सांगू शकतो. टॅबमध्ये एक पान बनवा, त्यात "वर", "खाली", "जवळ", "लांब", "दुखतंय", "ठीक आहे" एवढे शब्द टाका, आणि तुम्ही स्विच हातात धरून फिरवाल तेव्हा ते पान उघडं ठेवा. सुरुवातीला हात नाही पोचला तर नजरेने दाखवेल. माझ्या शाळेत मोठी माणसं माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत स्विच लावायची, अन् मला माहीत असायचं की तो दोन बोटं मागे हवाय, पण सांगायचा रस्ता म्हणजे तोच स्विच होता.

दुसरं, दिवसभर एकच जागा चालत नाही. सकाळी माझी मान वेगळी असते आणि दुपारी थकल्यावर वेगळी. माझ्या दांड्यावर दोन रंगांच्या रेघा आहेत, हिरवी सकाळची आणि निळी दुपारची, दोन्हींत ३ सेंमीचा फरक आहे. तुमचे ८ थेरपीत कधी मोजले होते, सकाळी? आणि वर्गातले ३ कोणत्या तासाला? ते तपासा.

तिसरं. मुलगा बोलत असताना, किंवा बोलणार असं वाटत असताना, टॅब बाजूला करू नका. टेबल पुसायचंय, वही ठेवायचीय, काहीही असो. आधी समोर येऊन सांगा आणि त्याच्या होकाराची वाट बघा. आणि शिक्षा म्हणून तर कधीच काढू नका, बोलणाऱ्या मुलाचं तोंड आपण शिक्षा म्हणून बांधत नाही.

वर्गशिक्षिका_विशेष

सगळ्यांचे किती आभार मानू. १५ दिवस झाले, काय काय झालं ते लिहिते कारण नंतर कुणाला उपयोग होईल.

ओटी ताई, टॅब मधोमध आणला, फक्त तेवढंच केलं, दुसऱ्याच दिवशी १० पैकी ५ झाले. मी बाजूने बघत बसले होते, आधी मान डावीकडे जायची तेव्हा खरंच उजवं कोपर दुमडून हात छातीपाशी यायचा, इतके महिने माझ्या समोर होतं आणि मला ते दोन वेगवेगळ्या गोष्टी वाटत होत्या. बैठकीचंही तुम्ही म्हणालात तसंच निघालं, दुसऱ्या तासापर्यंत तो पुढे सरकलेला असतो आणि डावं पाऊल लोंबतं. पट्टा पोटावर होता, तो खाली घेतला, पावलाखाली ठोकळा बसवला, डाव्या हाताला दांडा तात्पुरता ट्रेला स्क्रूने लावला. दांडा त्याला इतका आवडलाय की सोडतच नाही.

चाकांवरून दादा, तुमचं ऐकून पान बनवलं. मी स्विच हातात धरला आणि विचारलं. त्याने आधी "जवळ" निवडलं, मी ट्रेच्या मध्याकडे आणला, परत "जवळ", अजून आणला, मग खूप वेळ काही नाही, मला वाटलं थकला, आणि मग "खाली". मी स्विचची त्याच्याकडची कड जरा खाली झुकवली तर "ठीक आहे". आधीच्या जागेपासून तब्बल १२ सेंमी आत आणि तिरका, तो हात वरून आणत नाही तर बाहेरून आत सरकवत आणतो, त्यामुळे मनगटाची कड आधी लागते. मी तळहाताचा विचार करत बसले होते. सध्या लाकडाचा उतरता ठोकळा करून त्यावर लावलाय, सांध्यांचा हात मागवलाय, नळी मोजली, २५ मिमी निघाली.

आणि वेळेचंही बरोबर होतं तुमचं, थेरपी सकाळी पहिली आणि वर्गात मी चौथ्या तासाला मोजत होते. काल चौथ्या तासाला ७ झाले. पण त्यातले दोन डबल दाबले गेले, ठोकळा घट्ट असूनही. हे काय असेल?

ओटी_बालविभाग

७! वाचून खूप आनंद झाला. डबल दाबणं ॲथेटॉइड हातात थोडं राहणारच, हात सोडताना परत लागतो. टॅबच्या स्विच सेटिंगमध्ये एका दाबण्यानंतर लगेच आलेलं दुसरं दाबणं दुर्लक्षित करायची सोय असते, ती अर्ध्या सेकंदापासून सुरू करा आणि हळूहळू वाढवा. "किती वेळ दाबून ठेवलं तर धरायचं" ही सेटिंग मात्र सध्या वाढवू नका, त्याला धरून ठेवणं अवघड जाईल. दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही. स्कॅनिंगचा वेगही तोपर्यंत आहे तसाच राहू द्या.

वर्गशिक्षिका_विशेष

अर्ध्या सेकंदाने करून बघते उद्या. आणि एक राहिलं, जेवायच्या सुट्टीत ट्रे काढावा लागतो, मग त्याचा डाव्या हाताचा दांडा पण जातो आणि स्विच पण जातो, नेमकं तेव्हाच बाकीची मुलं त्याच्याशी बोलायला येतात. पाना दादा, दांडा ट्रेऐवजी खुर्चीच्या फ्रेमवरून आणता येईल का, आणि स्विचचा हात त्याच नळीवर बसेल की दुसऱ्या बाजूला लावू? खुर्चीचा फोटो मुलाचा चेहरा न दिसता उद्या टाकते.